बेसमेंटमधला जर्मन मुडदा

माझ्या वडिलांच्या अंत्यविधीची कॅसेट आमच्या घरी व्हीसीआरवर पडून होती, आणि त्याच व्हीसीआरवर ऑफिसातला एक गोरा माणूस आपल्या दोस्तांना घेऊन रविवारी दुपारी जर्मन हॉरर पिक्चर बघायला येत होता. हे मी आजही कोणाला सांगितलं तर ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा मान हलवतो, खरं आहे म्हणतो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो, मी एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रामर होते आणि त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आधी मशीनबद्दल सांगते, कारण सगळं रामायण त्या मशीनमुळे झालं. भारतातली व्हिडिओ कॅसेट अमेरिकेतल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र दिसत नाही, नुसत्या तिरक्या रेघा पळतात. दोन्हीकडची पद्धत वेगळी. व्हिडिओच्या दुनियेतही जाती असतात हे मला इथे येऊन कळलं. गंमत म्हणजे त्या वाटणीत जर्मनी आणि नागपूर एका पंगतीला बसतात आणि अमेरिका दुसऱ्या. मला ही पंगत आवडली होती, खोटं कशाला बोलू. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर आणि त्यात पुण्याचा, म्हणजे कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी महिनाभर तिच्यावर प्रवचन देणारा. त्यानं शिकागोतल्या डेव्हॉन रस्त्यावरच्या एका देशी दुकानातून सगळ्या पद्धतींच्या कॅसेट चालवणारा व्हीसीआर आणला, तसाच टीव्ही आणला आणि बेसमेंटमध्ये मांडला. वर्षभरात आजूबाजूच्या तमाम मराठी मंडळींना आमचा पत्ता पाठ झाला.

कोणाच्या भाचीचं लग्न, कोणाच्या पुतण्याची मुंज, सगळ्यांच्या कॅसेट आमच्याकडे यायच्या. लोक शनिवारी यायचे, चपला दारात काढून खाली उतरायचे आणि मग तीन-तीन तास परक्या लोकांच्या पंगती बघायच्या. मी चिवडा भरायचे, चहा टाकायचे. आमच्या घरी नागपूरला बुद्धवंदना घेऊन तासाभरात लग्नं लागायची, त्यामुळे एवढा वेळ नुसतं कन्यादान बघणं मला जड जायचं. पण कोणीतरी काकू मध्येच 'थांब थांब, मागे घे, ती बघ माझी मावसबहीण' म्हणायच्या आणि पडद्याजवळ जाऊन बोट लावायच्या. तेवढ्यासाठीच त्या आलेल्या असायच्या.

माझे बाबा मे महिन्यात गेले. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात फोन बसवले, आमच्या घरी फोन नव्हता. ते गेल्याचं माझ्या धाकट्या भावानं शेजारच्या वकीलकाकांकडून फोन करून सांगितलं. आमचं ग्रीनकार्डाचं काम चालू होतं. इथल्या वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, परवानगीशिवाय देश सोडलात तर अर्ज सोडून दिला असं धरतील, आणि परवानगी यायला वेळ लागेल. तसंही मे महिन्यातलं नागपूर. तिथे कोणी कोणासाठी मयत थांबवून ठेवत नाही. माझं फोनवरचं बोलणं संपलं तेव्हा तिकडे लाकडं आणायला माणसं गेली होती.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. महिनाअखेर होती, कॉम्प्युटरवरचा रात्रीचा रन फसला होता, तो शोधून दुरुस्त केला. सगळ्यांनी सह्या केलेलं एक कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. मी थँक यू म्हटलं. घरी येऊन भाजी चिरली. नवरा दर थोड्या वेळानं माझ्या तोंडाकडे बघायचा, दूध उतू जायची वाट बघावी तसा. आणि दूध काही उतू जाईना. मला दुःख झालं नव्हतं असं नाही. मला ते कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं.

माझा भाऊ भोळा आहे. ताईला येता आलं नाही, निदान तिला बघायला तरी मिळू दे, म्हणून त्यानं स्वतःच्या लग्नात ज्याला बोलावलं होतं त्याच व्हिडिओवाल्याला अंत्यविधीला बोलावलं. आत्यानं त्यावरून त्याला चांगलंच फैलावर घेतलं म्हणे, पण तो बधला नाही. मग ती कॅसेट इकडे येणाऱ्या एका काकूंबरोबर पाठवली. त्यांच्या बॅगेत सांडगी मिरच्यांच्या खाली ती सुखरूप आली. तिला मिरचीचा वास लागला होता. वर भावाच्या अक्षरात 'बाबा' एवढंच लिहिलेलं.

ती मी व्हीसीआरवर ठेवली आणि बघितली नाही.

आई रविवारी संध्याकाळी वकीलकाकांकडे येऊन बसायची. आमच्याकडे तेव्हा सकाळ. मी फोन लावायचे. लाइनवर आपलाच आवाज परत ऐकू यायचा, त्यामुळे दोघी थांबून थांबून बोलायचो.

"पाह्यलं का वं?" आई विचारायची.

"नाही आई अजून."

"पाह्य सावकाश. घाई नाही. पण पाह्यलं की मले सांग. मले तुले एक विचारायचं आहे."

"मग विचार ना आत्ता."

"आत्ता नाही. आधी पाह्य."

दर रविवारी हेच. जूनमध्ये, जुलैमध्ये, पावसाळा तिकडे येऊन गेला तरी हेच. ती एकदाही रागावली नाही. आमची आई तशी रागीट, भाजीवाल्याला घाम फोडणारी बाई. तिनं एवढं धीरानं घ्यावं, याची मला भीती वाटायची. तिला काय विचारायचं असेल? चेहरा शांत होता का, असं? पण ते तर तिनं स्वतः बघितलं होतं. माझ्याशिवाय ते कोणालाच विचारता येणार नाही, एवढं मला समजलं होतं, आणि ती माझ्यासाठी खोळंबली होती. मी मात्र खाली कपडे धुवायला गेले तरी टीव्हीकडे पाठ करून उभी राहायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस माझ्याकडे आला. तिशीतला असेल. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, डब्यात रोज चीजचं सँडविच. उसनी साखर मागायला आलेल्या शेजारणीसारखा घुटमळत म्हणाला, तुमच्याकडे म्हणे परदेशी कॅसेट चालवायचं मशीन आहे. त्याला जर्मनीतल्या एका पत्रमित्रानं एक कॅसेट पाठवली होती. तिकडच्या कोण्या पोरानं मित्रांना गोळा करून, हौसेनं, जवळजवळ फुकटात काढलेला हॉरर पिक्चर. थिएटरला कधी लागला नाही. अमेरिकेत तो पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बघायला मिळावा म्हणून जीव टाकणारी पुष्कळ. कित्येक महिने ती कॅसेट त्याच्या कपाटात पडून होती. मी म्हटलं, ये रविवारी.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी बाहेरच्या कॅसेटनं मशीनचं हेड खराब होईल म्हणून काळजी करू लागला.

तिघं आले. क्यूबिकलवाला, टायरच्या दुकानात काम करणारा एक आडवातिडवा माणूस, आणि नर्सिंग शिकणारी एक मुलगी, काळं नेलपॉलिश लावणारी. तिघांनीही न सांगता बूट काढले. डोनट्स आणले होते. क्यूबिकलवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की डोनट्समध्ये अंडं आहे, तुमच्या धर्मात चालतं ना? मी म्हटलं, चालतं, आमच्याकडे सगळं चालतं. मग तो म्हणाला, पिक्चरमध्ये माणूस कापतात, तेही चालेल ना? मी म्हटलं, बाबा रे, खाली जा आणि लाव.

तो पिक्चर असा होता. एक तरुण पोरगा एका म्हाताऱ्या घरमालकाकडे खोली घेऊन राहतो. म्हातारा मरतो. पोराला घर सोडायचं नसतं, म्हणून तो म्हाताऱ्याला पुरत नाही, जाळत नाही, खुर्चीत बसवतो. त्याच्यापुढे ताट वाढतो. पेपर वाचून दाखवतो. मग हळूहळू म्हाताऱ्याचं जे व्हायचं ते होतं आणि पोरगा त्याची डागडुजी करतो, त्यात करवतही येते. सगळं एकाच फ्लॅटमध्ये काढलेलं. तीन वेगळी घरं दाखवली होती आणि तिन्ही घरांत तोच फुलांचा वॉलपेपर. रक्त म्हणून चेरीचा जॅम, बिया तशाच. भाषा जर्मन, खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, आणि या तिघांपैकी कोणालाही जर्मन येत नव्हतं. त्यामुळे म्हातारा पोराचा बाप आहे की नुसता घरमालक, यावर त्यांचे प्रत्येक वेळी वाद व्हायचे.

पण त्यांचा जीव कशात होता सांगू? तो मुडदा श्वास घ्यायचा. म्हाताऱ्याचं काम करणारा म्हातारा नव्हताच, केसांना पीठ लावलेला कोणीतरी जवान माणूस होता, आणि बिचाऱ्याला एवढा वेळ श्वास धरता येत नव्हता. स्वेटर खाली-वर व्हायचं. ते झालं की हे तिघं टाळ्या वाजवायचे. टायरवाला रिमोट घेऊन मागे न्यायचा. बघ, बघ, घेतला श्वास. पुन्हा टाळ्या. पहिल्यांदा मी जिन्यावर उभी राहून बघितलं आणि मला आमच्या काकू आठवल्या, पडद्याला बोट लावणाऱ्या. भजनी मंडळच म्हणायचं हे, फक्त विठ्ठल खुर्चीत मेलेला.

मग ते येतच राहिले. दर वेळी एखादा नवा भक्त घेऊन. कोणी विस्कॉन्सिनहून गाडी हाकत यायचा, बघायचा, डोळे पुसून परत जायचा. बाहेर कोणाला सांगू नका असं ठरलं होतं, आणि म्हणूनच सगळीकडे झालं.

मीही जिन्यावरून खाली येऊन एका कोपऱ्यात बसू लागले. नवऱ्याला हे विचित्र वाटायचं. "तुला आवडतो का तो पिक्चर?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. आवडत नव्हता, नावडतही नव्हता. दुपारी वर एकटी बसले की सकाळचा आईचा फोन डोक्यात फिरायचा. खाली मुडदा होता, पण माणसं होती.

मध्ये एक घोटाळा झाला, तो सांगितलाच पाहिजे. क्यूबिकलवाल्याला त्या पिक्चरची अमेरिकेत चालेल अशी कॉपी हवी होती. ती काढायची मशिनं तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून त्यानं टीव्हीसमोर तिपाई लावली, तिच्यावर व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि पडद्यावर चाललेला पिक्चर सरळ शूट केला. खोलीत अंधार, सगळे गप्प, खोकायचं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वर डाळीचा कुकर लावलेला. नेमका तो पोरगा म्हाताऱ्याला अंघोळ घालत होता तेव्हा कुकरनं तीन शिट्ट्या मारल्या. आपल्याकडे तूरडाळ तीन शिट्ट्यांशिवाय शिजत नाही, त्याला मी काय करू? क्यूबिकलवाला वर आला, चेहरा पडलेला, पण भिडेनं काही बोलला नाही. वर डाळभात खाऊन गेला.

त्या एका कॉपीच्या कॉप्या झाल्या, त्यांच्या कॉप्या झाल्या आणि देशभर गेल्या. टायरवाला एक झेरॉक्स केलेलं मासिक काढायचा, त्यात पत्रं यायला लागली. क्यूबिकलवाला ती मला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायचा. ओहायोच्या एकाचं म्हणणं, शिट्टी वाजते तेव्हा मेलेल्याचा आत्मा घर सोडतो आणि म्हणून ती तीनदा वाजते. टेक्ससच्या एकानं लिहिलं, ती कारखान्याची शिट्टी आहे, अख्खा पिक्चर कामगारांच्या पिळवणुकीवर आहे. मी म्हटलं, सांगून टाक ना त्यांना, डाळ होती म्हणून. तो म्हणाला, आता उशीर झाला. त्या वर्षात मी खदखदून हसले असेन तर तेवढीच. हसू संपल्यावर मात्र लगेच पहिल्यासारखं झालं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते आले. क्यूबिकलवाल्याची कॅसेट गेल्या वेळी मशीनमध्येच राहिली होती, असं त्याला वाटलं. त्यानं सरळ बटण दाबलं. आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं मला न विचारता बाबांची कॅसेट आत घालून ठेवली होती. म्हणे, तेवढं तरी काम मी करून ठेवतो, तिला नुसतं बटण दाबायचं राहू दे. पुणेरी शहाणपणा.

पडद्यावर झेंडूच्या फुलांची चौकट आली. मध्ये एक कमळ उमललं. कमळातून माझ्या बाबांचा फोटो गोल गोल फिरत बाहेर आला आणि सनई वाजायला लागली. व्हिडिओवाल्याकडे तेवढीच सोय होती, भावाच्या लग्नात नवरा-नवरी असेच फिरत आले होते. टायरवाला हसला. त्याला वाटलं हा पण कुठला तरी आपल्यातलाच पिक्चर.

"माझे वडील," मी म्हटलं. "अंत्यविधी आहे."

क्यूबिकलवाल्यानं इतक्या घाईनं बंद केलं की रिमोट हातातून पडला. टायरवाला लाल झाला, सॉरी सॉरी म्हणत बूट शोधायला लागला. मी त्याला बस म्हटलं. माझ्या आवाजात काहीच नव्हतं, ते मलाच ऐकू येत होतं.

काळ्या नेलपॉलिशवालीनं विचारलं, "तुम्ही पाहिलीय ही?"

"नाही."

"का?"

तेवढं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही. मी म्हटलं, "बघितली आणि तरी काही वाटलं नाही तर?"

तिनं खाली पडलेला रिमोट उचलला. मग म्हणाली, "पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. मी लहानपणी हॉरर पिक्चर असेच बघायला शिकले. आवाज आपल्याला सांगत बसतो की आता घाबर, आता रड. नुसतं चित्र काही सांगत नाही. तुम्हाला जे वाटेल ते वाटेल. नाही वाटलं तर नाही."

मी म्हटलं, बरं. आणि त्यांना म्हटलं, आता तुमचा मुडदा लावा. त्यांनी लावला. त्या दिवशी स्वेटर खाली-वर झालं तेव्हा कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मला फार अवघडल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी सकाळी नवरा बाहेर बर्फ काढत होता. त्याच्या फावड्याचा आवाज खालपर्यंत येत होता. मी टीव्हीचा आवाज शून्यावर आणला आणि कॅसेट लावली.

कमळ गेलं, आमचं अंगण आलं. व्हिडिओवाल्यानं लग्नात करतात तसंच केलं होतं. कॅमेरा एकेका माणसाच्या तोंडावरून फिरत होता, आणि माणसंही कॅमेरा आला की सवयीनं नीट बसत होती. बायका पदर सारखे करत होत्या. एका काकांनी केसांवरून हात फिरवला. आत्या रडत होती, पण कॅमेरा जवळ आला तशी तिनं क्षणभर थांबून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा रडायला लागली. भन्तेजी हात जोडून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते, सगळ्यांचे हलत होते. त्रिशरण चालू असणार.

मग बाबा दिसले. अंगणात चटईवर, पांढऱ्या चादरीत, पायांशी फुलं. नाकात कापूस. ते बाबांसारखेच दिसत होते. मी बघत राहिले, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी तोंडाकडे बघतच नाहीये. मी छातीवरच्या चादरीकडे बघत होते. मी मागे घेतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे घेतलं. एक चुणी होती, छातीच्या जरा खाली, ती हलते का बघत होते. वाऱ्यानं कडा हलत होती. चुणी हलली नाही. किती वेळा मागे घेतलं कोण जाणे. मी शेवटी कॅसेट पुढे जाऊ दिली. थकवा आला होता, बाकी काही नाही.

आणि मग आई. पांढऱ्या साडीत, हातात स्टीलचा तांब्या घेऊन. सगळ्या बायका बसलेल्या होत्या, आई एकटी उभी होती. उभी म्हणजे, फिरत होती. कोणाला पाणी दे, कोणाची चप्पल वाटेतून बाजूला कर, कोणाच्या पोराला मांडीवरून उचलून सावलीत नेऊन बसव. कॅमेरा दोनदा तिच्यावरून गेला आणि दोन्ही वेळा ती चौकटीतून निघून गेली. तिसऱ्यांदा ती सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली. अगदी जवळ. माझ्याकडेच बघत होती. ओठ हलले. मला वाटलं, माझ्याशी बोलतेय, माझ्यासाठी काहीतरी सांगून ठेवलंय. मी मागे घेतलं आणि आवाज मोठा केला.

"भाऊ, चहा घेतला का तुम्ही?" आई म्हणत होती. "सकाळपासून उभे आहात."

"घेतो मावशी," कॅमेऱ्यामागून माणूस म्हणाला.

आई वळली आणि गेली. नंतर माणसांनी बाबांना उचललं, फाटकातून बाहेर नेलं, आणि पुन्हा सनई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"पाह्यलं," मी म्हटलं.

आई तिकडे कोणाला तरी म्हणाली, जरा आत जाता का बाई, पोरीशी बोलतो. दार लोटल्याचा आवाज आला.

"मी रडत होती का वं त्याच्यात?"

मला आधी कळलंच नाही.

"तुझी आत्या म्हणते, मी रडली नाही," आई म्हणाली. "अख्ख्या मोहल्ल्यात सांगते. नवरा गेला नि हिच्या डोळ्यात टिपूस नाही. मी तिले काय म्हणू? मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सकाळी त्यायले उठवाले गेली तेवढं आठवते. मग डायरेक दुसरा दिवस. मधलं काहीच नाही. पोराले कसं विचारू, का बा मी रडली का? म्हणून म्हटलं, तू पाह्यलं का तुले विचारीन. तू दूर होती, तू खरं सांगशील."

ती कॅसेट एकच होती. भावानं दुसरी काढली नव्हती, आणि ती माझ्या बेसमेंटमध्ये होती. मी म्हणू शकले असते, हो आई, तू रडत होतीस, फार रडत होतीस, आत्याला म्हणावं अमेरिकेत पुरावा आहे. कोणी तपासायला येणार नव्हतं. तिची मान वर झाली असती. शब्द जिभेवर आले होते.

"नाही आई," मी म्हटलं. "तू रडत नव्हतीस. तू सगळ्यांना पाणी देत होतीस. आणि व्हिडिओवाल्याला चहा विचारत होतीस."

माझेच शब्द लाइनवरून परत आले. चहा विचारत होतीस. मला वाटलं, मी तिला मारलं.

"त्यानं घेतला का?" आई म्हणाली.

"काय?"

"चहा. घेतला का त्यानं?"

"घेतो म्हणाला."

"म्हणाला, का घेतला?"

"ते दिसत नाही आई. पुढे बाबांना उचलतात."

"म्हणजे तो तसाच गेला," आई म्हणाली. "उन्हातानात उभा राहून पोरगा तसाच गेला वं. तुझे बाबा असते तं त्यायनं कप हातात दिल्याबिगर त्याले दारातून हलू दिलं नसतं. त्यायले नसतं आवडलं हे. मी एकटी कुठं कुठं पाहू? मले एकटीले नाही वं जमत..." आणि ती रडायला लागली. अशी रडली की वकीलकाकू दार उघडून आत आल्या, काय झालं, पाणी आणू का म्हणाल्या. आई त्यांना म्हणाली, नको, राहू द्या, आणि रडत राहिली. मी फोन कानाला लावून उभी होते. मध्ये मध्ये हं म्हणत होते, म्हणजे तिला कळावं मी आहे.

फोन ठेवला तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"काय गं? काय झालं?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"अरे," मी म्हटलं, "बाबा गेले."